एलियाम्माचे डोळे

केरळातल्या पाला शहराच्या अलीकडच्या त्या गावात माणूस गेला की आधी फादरना निरोप जायचा आणि मग फोटोग्राफर औसेफला. शवपेटीभोवती अख्खं घर उभं करून शेवटचा फोटो काढायचा, ही तिथली रीत. लग्नं, बाप्तिस्मे फोनने केव्हाच गिळले होते. मयताचे फोटो तेवढे औसेफच्या कॅमेऱ्याकडे उरले होते.

एलियाम्मा गेली, तेव्हा मात्र तिचा मुलगा शिबू औसेफला म्हणाला, "औसेफचेट्टा, राहू दे. मी फोनवरच काढतो. जॅन्सीला लगेच पाठवता येईल." जॅन्सी त्याची बहीण, कुवेतला नर्स. तिला रजा मिळाली नव्हती.

औसेफच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बरं बाबा, काढ तुझा तूच. गळ्यात कॅमेरा असून त्याने भिंगावरचं झाकणसुद्धा काढलं नाही. रुसलेल्या जावयासारखा खांबाला टेकून उभा राहिला.

फोटो झाला, जॅन्सीला पाठवून झाला, चर्चमधली प्रार्थना झाली, माती झाली. लोक पांगायला लागले आणि शिबूचा फोन वाजला. जॅन्सी ओरडत नव्हती, हेच जास्त भयंकर होतं. "शिबू, आपली अम्मची बघतेय रे. तुम्ही तिला जिवंत पुरलंत का?"

शिबूने फोटो उघडला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. औसेफ वाकून बघायला गेला तो थिजलाच. पेटीतली एलियाम्मा टक्क डोळे उघडून समोर बघत होती. मिटलेल्या पापण्या त्याने स्वतः पाहिल्या होत्या. पाहिल्या होत्या ना?

"फोनने केलं हे," शिबू पुटपुटला. "कुणाचे डोळे मिटले असले, तर तो फोटोत आपोआप उघडे करून देतो. पोराच्या बाप्तिस्म्याला मीच चालू केलं होतं ते."

जॅन्सीने ऐकून घेतलं. "मग औसेफचेट्टांचा फोटो पाठव. ते काढल्याशिवाय राहायचे नाहीत."

सगळे औसेफकडे वळले. "मी नाही काढला," तो म्हणाला. आयुष्यात स्वतःची इतकी लाज त्याला कधी वाटली नव्हती.

एलियाम्माचा नवरा इट्टूप पुढे आला. "मिटलेले होते ना रे डोळे?" त्याने विचारलं. "माझ्या डोळ्यांत सारखं पाणी होतं. मला शपथेवर नाही सांगता यायचं."

फोटो समोर होता, आणि आता आपल्या आठवणीवर कुणाचाच भरवसा उरला नव्हता.

"कबर उघडा," म्हातारा म्हणाला.

फादर काही बोलायच्या आत औसेफ गुडघ्यांवर बसला आणि दोन्ही हातांनी माती उपसायला लागला.