सूर्यभानमामांची शेवटची चकती

सूर्यभानमामांच्या काचेच्या चकतीला माधुरीनं लाल चिठ्ठी लावली. लाल म्हणजे नापास.

नगरच्या एमआयडीसीतल्या त्या लहानशा वर्कशॉपात मामा एकतीस वर्षं काच घासून सपाट करत होते. शनिवारी रिटायर होणार. मालक भाऊसाहेबांनी शब्द दिला होता, मामांची शेवटची चकती कपाटात जपून ठेवायची आणि इथून पुढं प्रत्येक काच तिच्याशी ताडून बघायची. अट एकच, नव्या मशीनवर ती पास झाली पाहिजे. मशीन माधुरीच्या ताब्यात. पाथर्डीची पोरगी, एमएस्सी होऊन जेमतेम आठ महिने झालेले.

मशीनचं काम तसं साधं. लेझरचा उजेड काचेवरून आणि एका आरशावरून परत येतो, दोन्ही मिसळले की स्क्रीनवर काळे-पांढरे पट्टे उमटतात. पट्टा वाकडा झाला, की तिथं काच वर-खाली. किती, ते मोजायच्या दोन रीती. एकीत आरसा टप्प्याटप्प्यानं सरकवून चार फोटो घ्यायचे, दुसरीत एकाच फोटोवरून कॉम्प्युटरनं गणित करायचं. चार फोटोंची रीत जास्त बारीक, असं माधुरी शिकलेली.

चार फोटोंत चकतीवर लाटा दिसत होत्या, पन्हळी पत्र्यासारख्या. एका फोटोच्या रीतीत काही म्हणता काही नाही. तिनं बारीक रीतीचं ऐकलं. तुम्ही-आम्हीही तेच केलं असतं!

मामा रागावले असते तर बरं झालं असतं. "एकतीस वर्सांत माज्या काचंला लाल कागद न्हाई लागला गं," एवढंच म्हणाले. मग हळूच विचारलं, "पट्टे फिरवून बगितलंस का?"

"म्हणजे?"

"आमी काचंवर काच ठिवून बगायचो. येका कडंला अंगठा दाबला की आडवे पट्टे उभे व्हत्यात. खोट काचंत असंल तर ती जागा सोडत न्हाई."

माधुरीनं घाईघाईनं आरशाचा स्क्रू फिरवला. पट्टे उभे झाले. पुन्हा चार फोटो. अन् काय, लाटाही उभ्या! म्हणजे त्या काचेत नव्हत्याच.

मग आल्या कुठून? तेवढ्यात शेजारच्या पत्रे ठोकणाऱ्या प्रेस शॉपात धाडकन ठोका पडला, कपातला चहा थरथरला आणि तिनं कपाळावर हात मारून घेतला. आरशाचे टप्पे तिनं बसवले होते साप्ताहिक सुट्टीला, कुणाची लुडबुड नको म्हणून. तेव्हा प्रेस बंद. आज दर ठोक्याला टप्पा कमी-जास्त पडत होता, आणि ती चूक पट्ट्यांच्याच दिशेनं लाटा होऊन उमटत होती. एक फोटो निघतो पापणी लवायच्या आत, त्याला ठोका गाठतच नव्हता.

एक वाजता प्रेस जेवायला थांबली. तिनं दोन्ही रीतींनी परत मोजलं. दोन्हींचं उत्तर एकच आलं. चकती सपाट.

"चुकलं माझं, मामा," म्हणताना तिचे डोळे भरून आले. ती चिठ्ठी फाडायला लागली.

"फाडू नगंस," मामा मशीनकडं बघत म्हणाले. "ज्याची त्याला लाव."

तिनं चिठ्ठी मशीनच्या कपाळावर चिकटवली. खाली लिहिलं, 'पट्टे फिरवून बघितल्याशिवाय याचं खरं मानू नये. — सूर्यभानमामा.' आणि मोठ्यानं वाचून दाखवलं.

मामा हात धुवायला म्हणून मोरीकडं गेले. बराच वेळ नळ नुसताच चालू होता.