परत आलेली गाठोडी

मंगलाबाई कुलथे सव्वीस वर्षं नाशकात दारोदार फिरून मदत मागत आल्या. कुठे भूकंप होवो, कुठे वसतिगृहाचं छप्पर उडो, महिला मंडळाच्या अध्यक्षा असूनही बाई स्वतः पदर खोचून निघायच्या. लोकही त्यांना रिकाम्या हाती पाठवत नसत.

२००२च्या डिसेंबरात पेठ गावाजवळच्या एका आदिवासी पाड्यासाठी त्यांनी गरम कपडे मागितले. "काहीही चालेल हो," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. आठवड्यात मंडळाची खोली भरली. वाटपाच्या समारंभात नावं वाचायची म्हणून प्रत्येक गाठोड्यावर देणाऱ्याच्या नावाची चिठ्ठी होती. आत काय आहे ते कुणीच पाहिलं नाही, मंगलाबाईंनीही नाही.

पाड्यावर भागीबाई नावाच्या म्हातारीच्या मांडीवर पहिलं गाठोडं ठेवलं. सचिव ज्योत्स्नानं फोटो काढला. भागीबाईनं गाठ सोडली. आत डागाळलेले परकर, विटकी चड्डी, ओकारी वाळून कडक झालेला बाळाचा स्वेटर. कुबट वास सुटला.

"बाई, आमी गरीब हाय," भागीबाई म्हणाली, "पन ह्ये कुत्र्याखालीबी नाय टाकनार."

"अहो आजी, धुतलं की होईल छान," ज्योत्स्ना म्हणाली.

"तू धुशील?" मंगलाबाईंनी विचारलं.

आणखी दहा गाठोडी सोडली. त्यांतली आठ तशीच. मंगलाबाई टेम्पोच्या आडोशाला जाऊन भडाभडा ओकल्या. कपड्यांची किळस होतीच, त्याहून जास्त स्वतःच्या "काहीही चालेल"ची. असली किती गाठोडी आपण हसत हसत लोकांच्या ओटीत घातली? आणि लोकांनी वर हात जोडले!

मग उरलेली सगळी गाठोडीही सोडून पाहिली आणि चांगले कपडे तेवढे पाड्यावर ठेवून टेम्पो नाशकात परतला. दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या वाचून मंगलाबाईंनी एकेक दार वाजवलं.

"दिलेलं दान कुणी परत आणतं का?" कॉलेज रोडवरच्या एका बाई कडाडल्या.

"दान नव्हे, तुमचा कचरा आहे. धरा."

संध्याकाळपर्यंत मंडळात तक्रारींचे सत्तावीस फोन आले. रात्रीच्या बैठकीत मंगलाबाईंनी राजीनामा दिला. तरी मंडळानं निरोप समारंभ ठेवलाच. शाल, श्रीफळ, मानपत्र. त्या ऐकूनच विटल्या. समारंभाच्या दिवशी पेठच्या एसटीत बसून त्या पाड्यावर गेल्या आणि भागीबाईची माफी मागितली.

भागीबाईनं सगळं ऐकून घेतलं. "बरं," एवढंच म्हणाली आणि सुपातली नागली पाखडू लागली.