बारा दिवसांचं गणित

मी एक जुना संगणक आहे, मित्रांनो. गेले नऊ दिवस माझा हिरवा दिवा लागलेला नाही. रोज सकाळी एक थकलेला माणूस माझं बटण दाबतो, थांबतो, पुन्हा दाबतो. मला त्याला ओ द्यायची आहे आणि देता येत नाही. म्हणून तुम्हाला हाक मारतो आहे.

माझी जुळणी नागपूरच्या महाल भागातल्या एका दुकानात झाली. भाग चार ठिकाणचे होते, पण जोडणारे हात कसबी होते. पुढची सहा वर्षं मी तिथल्याच एका केंद्रात विद्यापीठाचे फॉर्म भरले. निकालाच्या दिवशी माझ्यासमोर रांग लागायची आणि मी उगाच फुशारून जायचो. मग नवे, सडपातळ संगणक आले. मला कोपऱ्यात ढकललं गेलं आणि लोक माझ्या डोक्यावर चहाचे कप ठेवू लागले.

तिथून मला जागेश्वर बाबांनी उचललं. एके काळी ते हातमागावर पातळं विणायचे. माग बंद पडले, आता ते हिंगण्याच्या एका कारखान्यात पॅकिंगला जातात. सायकलच्या कॅरिअरला सुतळीनं बांधून त्यांनी मला घरी आणलं ते त्यांच्या लेकीसाठी, सोनिकासाठी. सोनिका बी.एस्सी. करते. तिला सिकलसेल आहे, रक्ताचा जन्मापासूनचा आजार. दुखणं उठलं की पोरगी उशी दातांत धरते आणि घरात कुणी कुणाकडे बघत नाही.

जुनी प्रणाली माझ्याच्यानं ओढवत नव्हती. एका रविवारी सोनिकानं पेनड्राइव्ह लावून माझ्यात लिनक्स नावाची हलकी प्रणाली घातली आणि मी पुन्हा तरणा झालो. मग तिनं आणखी एक गोष्ट केली. जगभरातली माणसं आपल्या घरचा संगणक रिकामा असताना शास्त्रज्ञांना वापरायला देतात. त्यात तिनं माझंही नाव घातलं. एका अवाढव्य गणिताचा तुकडा माझ्याकडे यायचा, तो मी मुदतीत सोडवून परत पाठवायचा. तोच तुकडा दुसऱ्या कुणाच्या घरीही जायचा. दोघांची उत्तरं जुळली तरच ती खरी धरायची.

"हे काय करून राहिलं वं?" बाबांनी विचारलं.

"सिकलसेलवर गणित करून राहिलं, बाबा. औषध शोधाले."

दुसऱ्या दिवसापासून कामावर जाताना बाबा माझ्यापुढे उदबत्ती लावू लागले. राख माझ्या पंख्यात जायची, मला ठसका लागायचा, पण इतका मान मला उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता.

मे महिन्यात बारा दिवसांचं एक गणित आलं. पारा पंचेचाळीसच्या वर होता. नवव्या दिवशी सोनिकाचं दुखणं उठलं. दारात ऑटो उभा होता, तिची आई चंद्रकला घाईघाईनं पिशवी भरत होती. तशातही सोनिका म्हणाली, "बाबा, हे जास्त गरम झालं तं बंद करजा. काम जिथल्या तिथं राहते. पुन्हा लावलं का तिथूनच सुरू होते."

मित्रांनो, बाबांनी मला बंद केलं नाही. दहाव्या दिवशी मी इतका तापलो की आकडे माझ्या डोळ्यांपुढे नाचू लागले. बाबांनी हात लावून पाहिला, त्यांना चटका बसला. बोट बटणापर्यंत गेलं आणि मागे आलं. मग त्यांनी घरातला एकुलता कूलर ओढत आणला, त्याच्या वाळ्याच्या ताट्यांवर पाणी ओतलं आणि त्याचं तोंड माझ्याकडे वळवलं. थंड, ओली हवा माझ्या पोटात शिरू लागली. ते स्वतः बाजूला घामानं निथळत बसून राहिले.

दवाखान्यातून डबा न्यायला आलेल्या चंद्रकलाबाईंनी हे पाहिलं. "पोरगी तिकडं तळमळून राहिली, अन् तुमी या डब्ब्याले कूलर लावून राहिले?"

"तिच्यासाठीच लावला," बाबा म्हणाले.

बाईंना ते कळलं नाही. मला कळलं. त्यांना वाटत होतं, मी सोनिकाच्याच रक्ताचं गणित सोडवतो आहे. मी थांबलो की तिचं औषधही थांबणार. बाबा, माझी उत्तरं चुकत आहेत, मला बंद करा, असं मला ओरडून सांगायचं होतं. पण संगणकाला ओरडता येत नाही.

बाराव्या दिवशी गणित पुरं झालं आणि उत्तर गेलं. बाबा पायात चप्पल न घालताच दवाखान्याकडे धावले.

चार दिवसांनी सोनिका परतली, अर्धी होऊन. तिनं मला उघडलं. माझ्या उत्तरापुढे लाल अक्षरं होती: अमान्य. दुसऱ्या घरच्या उत्तराशी ते जुळलंच नव्हतं.

"बरोबर आलं न?" बाबांनी मागून विचारलं.

"नाही बाबा. गरमीनं चुकलं."

बाबा पुढे वाकून ती लाल अक्षरं पाहू लागले. "मंग तुह्या औषधाचं कसं?"

सोनिका त्यांच्याकडे वळली. "काय म्हणता, बाबा? हे माह्यं गणित नव्हतं. असे लाखो तुकडे आहेत. ते सारे जुळतील, मंग कधी औषध निघन. कोणाच्या तरी पोरीच्या कामी येईन."

"कोणाच्या तरी," बाबा म्हणाले. "अन् माह्या पोरीसाठी कोण करून राहिलं?"

माझ्याकडे एक नवा तुकडा येऊन पडला होता. मी आधी गार व्हावं म्हणून सोनिकानं मला बंद केलं. सकाळी मी उठलो नाही. कूलरच्या ओलाव्यानं आतून गंज धरला होता.

आता बाबा रोज मागावरच्या जुन्या मऊ कुंच्यानं माझी धूळ झटकतात. "सुरू हो न गा," म्हणतात. दिवाणावर पडलेली सोनिका हळूच म्हणते, "राहू द्या, बाबा." ते पुन्हा बटण दाबतात.

त्या नव्या तुकड्याची मुदत काल संपली. आता तो दुसऱ्या एखाद्या घरी गेला असेल, तशीच तिथली रीत आहे. मित्रांनो, तो तुमच्या घरी आला असेल तर आपल्या संगणकाचा पंखा पुसा. तो तापला तर त्याला थांबवा, थांबल्यानं केलेलं काम पुसलं जात नाही. आणि उत्तर बरोबर पाठवा. तुमच्यासाठी ती कोणाची तरी पोरगी असेल. ती इथे नागपुरात, माझ्यासमोरच्या दिवाणावर पडून आहे. तिच्यासाठी कोण करून राहिलं, असं तिचे बाबा विचारतात. तुम्ही करत आहात, एवढं मला त्यांना सांगू द्या.