आई असलेली अनाथ

१८६४ सालच्या नोव्हेंबरातल्या मंगळवारी अमेरिकेच्या मेरीलँड राज्यातली गुलामगिरी कायद्याने संपली आणि त्या दिवशी लिथियाला आयुष्यात पहिल्यांदा उन्हं वर आल्यावर जाग आली. दचकून उठली. मग आठवलं, आज कोणी हाक मारणार नाही. तिने चूल पेटवली, मक्याची भाकरी थापली, खाडीतले दोन मासे तळले. खोपट भाड्याचं होतं, छपरातून आभाळ दिसत होतं. पण दाराची कडी आतून लागत होती.

अकरा वर्षांची किटुरा तोंडात घास असतानाच बोलत होती. "आई, आता टिल्डनबाईंची भांडी कोण घासणार गं?"

"त्यांना हात आहेत की."

"त्या हातांना येतं घासायला?"

"शिकतील. तू नाही शिकलीस पाचव्या वर्षी?"

दोघी पोट धरून हसल्या. किटुराचा बाप पेरी यादवी युद्धात उत्तरेच्या फौजेत भरती होऊन उन्हाळ्यातच व्हर्जिनियात पडला होता. हसताना त्याची आठवण झाली नाही, असं नाही. पण लिथियाला हॉब्ज या गोऱ्या व्यापाऱ्याच्या शेडमध्ये कालवं फोडायचं काम मिळालं होतं आणि सोमवारपासून चर्चमधल्या नव्या शाळेत पोर जाणार होती.

गुरुवारी दुपारी जुन्या मालकाची, टिल्डनची, घोडागाडी दारात आली. बरोबर शिपाई होता.

"पोरीला शनिवारी कोर्टात घेऊन ये," शिपाई म्हणाला. "अनाथांच्या कोर्टात."

"अनाथ? मग मी कोण? मी काय मेलेय?"

टिल्डन गाडीतून उतरलासुद्धा नाही. आवाज मात्र मऊ होता. "डोकं शांत ठेव, लिथिया. बाप नाही, जमीन नाही. पोर उपाशी मेली तर? कोर्टात कागद करून आमच्याकडे उमेदवार म्हणून राहील, घरकाम शिकेल. अठराची होईपर्यंतच. कायदाच आहे तसा."

"घरकाम ती सहा वर्षं करतेय तुमच्याकडे, मालक. आणखी काय शिकवणार तिला?"

गाडी वळली. लिथिया तशीच हॉब्जकडे धावली. काळ्या माणसाची साक्ष गोऱ्याविरुद्ध चालत नसे, हे तिला ठाऊक होतं. हॉब्ज म्हणाला, "येईन की. दोन शब्द बोलायला माझं काय जातं?"

शनिवारी कोर्टाच्या आवारात गाड्याच गाड्या उभ्या होत्या. प्रत्येक गाडीत पोरं, आणि कुंपणाबाहेर त्यांचे आईबाप. एकेका पोराच्या उमेदवारीच्या कागदाला घोटभर चहा पिण्याइतकाही वेळ लागत नव्हता.

"सांभाळायची ऐपत आहे?" न्यायाधीशांनी मान वर न करता विचारलं.

"आहे, साहेब. काम आहे, घर आहे. मिस्टर हॉब्ज सांगतील."

मागच्या बाकावरचा हॉब्ज हातातल्या टोपीकडे बघत बसला. टिल्डन त्याच्या शेजारीच होता.

"कोणी गोरा साक्षीदार?"

कोणी उठलं नाही.

"माझं ऐका, साहेब. मी हिला जन्म दिलाय."

"तुझं म्हणणं नोंदवता येत नाही, बाई. पुढचा!"

कागदावर शिक्का पडला. बाहेर टिल्डनने तिला बाजूला घेतलं. "तू पण चल ना. तुझी जुनी खोली रिकामीच आहे. पोरीजवळ राहशील."

तेव्हा तिला कळलं, कागद एकीचा होता आणि हवी होती दोघींची मजुरी. तिचे पाय गाडीकडे वळलेसुद्धा. गाडीत बसवलेली किटुरा वरून वाकली आणि आईच्या कानाशी म्हणाली, "येऊ नकोस, आई. तू आलीस तर मग आपल्यातलं सुटलं कोण?"

लिथिया रस्त्यातच उभी राहिली. गाडी गेली. पोर मागे वळून बघत होती की नाही, हे तिला शेवटपर्यंत सांगता आलं नाही. डोळ्यांना काही दिसतच नव्हतं.

त्यानंतर कोर्टाच्या प्रत्येक दिवशी ती पायऱ्यांवर जाऊन बसू लागली. आत नेलेल्या प्रत्येक पोराचं नाव, आईचं नाव, मालकाचं नाव ती तोंडपाठ करी आणि संध्याकाळी चर्चच्या धर्मोपदेशकाला सांगे. तो ती नावं पत्रांत लिहून बाल्टिमोरच्या, वॉशिंग्टनच्या अधिकाऱ्यांना धाडी. शिपायाने तिला दोनदा हुसकलं, एकदा ढकलून पाडलं. पत्रांची उत्तरं क्वचित यायची आणि त्यांत सहानुभूतीपलीकडे काही नसायचं. वर्षातून दोनदा तिला किटुरा कुंपणापलीकडून दिसे. पहिल्या वर्षी ती हात हलवायची.

तीन वर्षांनी वरच्या न्यायालयाने असा एक कागद बेकायदा ठरवला. तरी बाकीचे मालक महिनोन्‌महिने पोरं सोडीनात. लिथिया चार वेळा टिल्डनच्या फाटकावरून परत आली आणि पाचव्या वेळी चौदा वर्षांच्या लेकीला घेऊन आली. वाटेत ती बडबडेल म्हणून आई वाट बघत राहिली. पोर दोन पावलं मागून चालत राहिली.

घरी लिथियाने दोन पानं वाढली. मग वळून पाहिलं, तर किटुरा भिंतीला टेकून, हात पुढे बांधून, नजर जमिनीकडे लावून उभी होती.

"बस ना गं. जेव."

"तुमचं होऊ दे आधी," लेक म्हणाली.

आईला तिने 'तुमचं' म्हटलं होतं. लिथियाने ताट उचललं आणि तिच्या शेजारी, भिंतीला टेकून, तीही उभी राहिली. पहिला घास तिने लेकीच्या तोंडासमोर धरला. तो धरलेला हात किती वेळ तसाच राहिला, हे त्या कोर्टातल्या कुठल्याही कागदावर लिहिलेलं नाही.