फक्कीच्या भिंती

मारोतराव चुन्याच्या फक्कीचा डबा दोन्ही हातांत धरून मागे मागे चालत होते. डब्याच्या बुडाला त्यांनी खिळ्याने भोकं पाडली होती. पावलागणिक ते डबा ठोकत आणि जमिनीवर पांढरी रेघ उमटे. बोरीच्या सावलीत, जेवणाच्या डब्याची पिशवी मांडीवर घेऊन पद्मिनीबाई त्यांच्याकडे बघत बसल्या होत्या. दुपारी कृष्णा मिस्त्री खुंट्या ठोकायला येणार होता. त्याआधी पद्मिनीबाईंना एक वाक्य बोलायचं होतं. शहरातल्या तात्यापाऱ्यातल्या भाड्याच्या घरापासून इथपर्यंत त्यांनी ते मनात घोळवत आणलं होतं: तुमी बांधा घर, मी तात्यापाऱ्यातच राहीन.

लेकीने, देवश्रीने, नव्या राजधानीतल्या आपल्या ऑफिसला जाता जाता दोघांना या प्लॉटवर सोडलं होतं. लांबवर सरकारी इमारती दिसत होत्या, मधे नुसतं माळरान.

मारोतराव चौतीस वर्षं मालगाडीवर गार्ड होते. गाडीच्या शेवटच्या डब्यात एक बाक, एक कंदील, एक सुरई आणि कणीक-डाळ ठेवायची लोखंडी पेटी, एवढ्यावर त्यांचा संसार चाले. माणसाला लागतं किती, याबद्दल त्यांची मतं तिथेच पक्की झाली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी वहीच्या पानावर घर काढलं, ते जवळपास तेवढंच. छपरावर सोलर, छपराचं पाणी ओट्याखालच्या टाक्यात, भांड्यांचं पाणी केळीला, ओला कचरा खड्ड्यात आणि खत परत भाजीच्या वाफ्यात. पश्चिमेची भिंत जाड आणि बिनखिडकीची, म्हणजे मे महिन्यातही घर तापणार नाही. बाहेरून काही म्हणता काही आणायचं नाही.

हे सगळं पद्मिनीबाईंना पटत होतं. घर छान होतं. भीती होती ती त्या घरात या माणसासोबत राहायची. लग्नाला अडतीस वर्षं झाली, पण सलग चार दिवस दोघांनी एका छपराखाली काढले असतील ते बाळंतपणात आणि मयतीत. नवरा ड्युटीवर गेला की त्यांना मोकळं वाटे, हे त्यांनी कुणालाच सांगितलेलं नव्हतं. निवृत्तीनंतर तात्यापाऱ्यातल्या तीन खोल्यांत दोघं एकमेकांना चुकवत कशीबशी निभावत होती. इथे चुकवायला खोलीच नव्हती. म्हणून घरमालकीण अंजनाबाईंना त्यांनी गुपचूप सांगून ठेवलं होतं, आमच्या खोल्या इतक्यात कोणाला देऊ नका.

त्यात तो पलंग. देवश्री कॉम्प्युटरवर नकाशा करत असताना तिने विचारलेलं त्यांनी स्वयंपाकघरातून ऐकलं होतं.

"पप्पा, बेड सिंगल क्यों है? डबल कर दूँ?"

"नाही. आहे तसाच ठेव."

तेव्हापासून महिनाभर त्यांच्या जिवाला ते लागून राहिलं होतं. त्या घरात राहायचं तर नव्हतंच, पण आपल्याला धरलंच नाही याचाही राग येत होता. दोन्ही एकाच वेळी कसं, हे त्यांचं त्यांनाही सांगता आलं नसतं.

त्या उठल्या आणि तरातरा रेघ ओलांडून आत शिरल्या.

"भिंत आहे तिथं," मारोतराव म्हणाले. "दारातून ये."

पद्मिनीबाई मागे फिरल्या, वळसा घातला आणि दोन रेघांच्या मधल्या फटीतून आत आल्या. आपण असं का केलं याचा त्यांना जास्तच राग आला.

"हे काय?"

"ओटा. तुह्या कोपराइतका उंच घेतला. तात्यापाऱ्यातला उंच आहे, खांदे दुखते तुहे."

"आन् हे?"

"पलंग."

अडीच फुटांची पट्टी होती. पद्मिनीबाई तिच्यापाशी उभ्या राहिल्या.

"एकच काहून?"

"तुह्यासाठी आहे तो." मारोतरावांनी डबा खाली ठेवला आणि हात धोतराला पुसले. "मी बाहेर झोपीन, छपरीत. तिथं बाक करून राहिलो."

"मी म्हटलं होतं का बाहेर झोपा म्हणून?"

"म्हणायले कशाले पाहिजे? मी ड्युटीवरून अवेळी आलो का कडी वाजवू वाजवू हात दुखे, तू उठे नाही. अन् घरी असलो का मी कूस बदलली तरी टक्क जागी. इतक्या वर्षांत एवढं तर समजते मले." त्यांनी खाली रेघेकडे पाहिलं. "मलेबी सवय नाही पद्मिनी. घरात कसं बसावं समजतच नाही. तुले जाच होऊन राहिला, दिसते मले. म्हणून ही छपरी काढली. भेव वाटलं का बाहेर निघून बसता येईन."

पद्मिनीबाईंच्या छातीवरचं ओझं उतरलं. अडतीस वर्षं जे पाप म्हणून पोटात ठेवलं होतं, ते या माणसाला ठाऊक होतं. त्याची काही तक्रार नव्हती, आणि तोही भ्यायलेला होता. त्यांना हसू आलं आणि डोळेही भरून आले. त्या पदराने नाक पुसत पलंगाच्या पट्टीत खाली बसल्या.

पाठ करून आणलेलं वाक्य बोलायची गरज उरली नव्हती. त्यांनी छपरीच्या रेघेकडे पाहिलं.

"आषाढात तिथं पाण्याचे सपकारे येतीन," त्या म्हणाल्या.

"येतीन."

"मग?"

"घोंगडं घेईन."

पद्मिनीबाई उठल्या. पलंगापलीकडची भिंतीची रेघ त्यांनी चपलेने पुसली, फक्कीचा डबा उचलला आणि दीड हात पलीकडून नवी रेघ ओढली. ती वाकडीच आली.

"छप्पर वाढन," मारोतराव हळूच म्हणाले.

"वाढू द्या. तेवढंच पाणी जास्त पडन टाक्यात." डबा त्यांच्या हातात देत त्या म्हणाल्या, "चार महिन्यांपुरतं."

"अन् उन्हाळ्यात?"

"उन्हाळ्याचं उन्हाळ्यात पाहू. अंजनाबाईंले मी सांगते खोल्यांचं."

खोल्यांचं काय, ते मारोतरावांनी विचारलं नाही. दोघांनी पांढऱ्या रेघांच्या आत बसून डबा खाल्ला, आणि हात धुवायला दोघंही दारातूनच बाहेर गेली.

दुपारी कृष्णा आला. देवश्रीचा नकाशा एका हातात धरून त्याने मापाची फीत लावली, परत लावली.

"बाबूजी, ये कमरा तो कागज से जादा हो गया."

पद्मिनीबाई पिशवी आवरत होत्या. त्यांनी वर पाहिलं नाही.

उभ्या नोकरीत मारोतराव कधी कागदाच्या बाहेर गेले नव्हते. त्यांनी कृष्णाच्या हातातला नकाशा काढून घेतला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

"जमीन पे जो है, वही पकड़."

"हव," कृष्णा म्हणाला आणि पहिली खुंटी त्याने त्या वाकड्या रेघेवर ठोकली.