एकच बटण

विद्यार्थिनी मेरिमने पाठवलेलं गणित पाहून गणिताच्या शिक्षिका उर्कुया एजेंना, म्हणजे उर्कुयाताईंना, हसू आलं. एक नळ टाकी सहा तासांत भरतो, दुसरा तीन तासांत. दोन्ही मिळून किती? मेरिमचं उत्तर होतं, नऊ. एजेंनी चष्मा सारखा केला आणि उत्तर टाइप करायला घेतलं, "मदतीला दुसरा नळ आला म्हणून पहिल्याला उशीर होईल का, बाळा?"

वाक्य पुरं व्हायच्या आतच कॉम्प्युटरच्या पडद्याच्या मधोमध एक राखाडी चौकट येऊन बसली.

"सर्वांना: चौथ्या जिन्यातल्या बुरुलचे वडील जुमाली आज पहाटे अत-बाशीला वारले. गावी जाणारी बस तीन वाजता निघेल. येणाऱ्यांनी नावं कळवा. एर्मेक."

बातमी एजेंना सकाळपासून ठाऊक होती. गावाहून फोन आला होता तो असानकुल अक्साकालांकडे. अंगणाभोवतीच्या चाळीस घरांत सगळ्यांत वडील तेच, त्यामुळे अशी बातमी आधी त्यांच्याकडेच यायची. बुरुलचा नवरा तालाय टॅक्सी घेऊन कारा-बाल्टाला गेला होता. तो परतला की चार वडीलधाऱ्यांनी मिळून बुरुलकडे जायचं, तिच्या दोन्ही बाजूंना बसायचं आणि मग असानकुलनी सांगायचं, असं ठरलं होतं. तोवर कुणी ब्रसुद्धा काढायचा नव्हता.

एजे त्या एकाच शब्दाकडे बघत राहिल्या. सर्वांना. म्हणजे बुरुललाही.

त्यांनी चौकट मिटवून फोन उचलला. एर्मेक त्यांचाच विद्यार्थी. पाचव्या इयत्तेत अपूर्णांकांना घाबरणारा हा पोरगा आता सव्वीस वर्षांचा झाला होता आणि त्यानेच गच्चीवरून गच्चीवर तार टाकून अंगणातले सगळे कॉम्प्युटर एकमेकांना जोडले होते.

"एर्मेक, हे काय पाठवलंस?"

"एजे, बसचं सांगायचं होतं ना. चाळीस घरांत कोण हिंडणार? एका मिनिटात सगळ्यांना कळलं बघा."

"बुरुललाही कळलं ना, गाढवा!"

मग तो चाचरत म्हणाला, "बुरुल एजे तर बालवाडीत कामावर असतात या वेळी."

"आज वार कोणता?"

"श... शनिवार."

"शनिवारी बालवाडी असते? तिचा कॉम्प्युटर सकाळपासून चालू असतो, गाणी लावून ती स्वयंपाक करते. परत घे ते. आत्ताच्या आत्ता."

"गेलेलं परत घेता येत नाही, एजे. तिकडे जाऊन कुणीतरी बंद केलं तरच..."

एजेंनी फोन आपटला. रागाने त्यांचे कान तापले होते. घरातल्या सपाताच पायात राहिल्या, कोट खांद्यावर टाकून त्या अंगण ओलांडून चौथ्या जिन्याकडे निघाल्या. वाटेत तळमजल्यावरच्या रायाने खिडकीतून हाक मारली, "उर्कुया, ऐकलंस का? बिचारी बुरुल! मीसुद्धा पाठवला तिला दोन ओळींचा निरोप. धीर धर म्हटलं."

"तू पण?" एजे थबकल्या. "तुझ्या पायांना काय झालंय राया? दोन जिने चढवत नाहीत तुला?"

"अगं, सगळ्यांनीच पाठवले, म्हणून मी पण..."

एजे पुढचं ऐकायला थांबल्या नाहीत.

दार बुरुलनेच उघडलं. कोपरापर्यंत हात पिठाने माखलेले. कपाळावरही पिठाचा एक पट्टा. गाणी बंद होती.

"या एजे," ती म्हणाली.

एजेंनी तिच्या चेहऱ्याकडे नीट पाहिलंच नाही. पाहिलं तर आपला चेहरा फितूर होईल अशी भीती. "अगं, माझं मशीन रुसलंय. मुलांसाठी एक पान टाइप करायचं होतं. तुझ्याकडे बसू का जरा?"

"बसा की. मी आहे स्वयंपाकघरात."

खोलीत कॉम्प्युटर घुरघुरत होता, पण पडदा काळा होता. बरं झालं, एजेंनी मनात म्हटलं, पोरीने पडदा चालू केलेलाच नाही. त्यांनी बटण दाबलं. चौकट होतीच. रायाची. "धीर धर, बुरुल." खाली एकच बटण, ओके. एजेंनी ते दाबलं. तिच्याखालून दुसरी निघाली, पहिल्या जिन्यातल्या शिंप्याची. ओके. मग तिसरी, कुणाची ते नावही नव्हतं, नुसतं "देव त्यांना शांती देवो." ओके. चौथी, पाचवी. प्रत्येक दाबाबरोबर एजेंचा राग चढत होता. सांत्वन करायला माणसाने दारात यावं, चपला काढाव्यात, तोंडाने बोलावं. इथे सगळे आपापल्या खुर्चीत बसून बुरुलच्या घरात घुसले होते.

शेवटची चौकट मिटली तेव्हा त्यांनी सेटिंग्ज उघडल्या, सेवांच्या पानावर खाली खाली जात "संदेश सेवा" शोधली. आधी थांबवली. पण नुसतं थांबवून भागत नाही, मशीन पुन्हा लावलं की ती पुन्हा जागी होते. म्हणून तिला कायमची बंद केली. स्वतःच्या घरी हे त्यांनी कधीच केलं नव्हतं. मुलांची गणितं येतात, म्हणून.

निघताना त्यांनी स्वयंपाकघरात डोकावलं. बुरुल परातीत कणीक मळत होती. परातीत म्हणजे, लग्नाला काढतात त्या मोठ्या परातीत. ओट्यावर तेलाची कढई चढली होती.

"जमलं का, एजे?"

"जमलं गं."

खाली उतरताना दुसऱ्या मजल्यावर एजेंचे पाय थांबले. निरोप आले त्या क्रमाने एकामागे एक उभे राहतात. मग सगळ्यांत आधी एर्मेकची चौकट असायला हवी होती. ती नव्हतीच. आणि दोन माणसांच्या घरात एवढी कणीक कशाला? बोरसोक, कणकेचे छोटे तुकडे, तळायला. तेलाचा वास गेलेल्याला पोचावा म्हणून तळतात ते.

एजेंनी कठडा घट्ट धरला. वर जावं असं वाटलं. पण वर जाऊन काय म्हणणार होत्या? ती बातमी त्यांनी एकटीने सांगायची नव्हती.

दोन वाजता तालाय आला. असानकुल, एजे, आणखी दोन वडीलधारे त्याच्याबरोबर वर गेले. बुरुलने सगळ्यांना बसायला दिलं, स्वतः मधे बसली. असानकुल अक्साकाल रीतीप्रमाणे आधी पाण्याबद्दल बोलले, डोंगरावरून उतरणाऱ्या नदीबद्दल, पिकलं फळ झाडाला कायमचं धरून बसत नाही त्याबद्दल. हळूहळू बोलले, मधे थांबले. बुरुल एकेक शब्द ऐकत होती, मान खाली घालून, घाई न करता. ते शेवटी "तुझे वडील, लेकरा," म्हणाले तेव्हाच तिने हंबरडा फोडला. एजेंनी तिला धरलं. तालायने भिंतीकडे तोंड फिरवलं.

रडून झाल्यावर तिने एजेंना हात धरून बोरसोकची परात दाखवायच्या निमित्ताने स्वयंपाकघरात नेलं.

"एजे, तुम्ही बंद करायला आला होतात. मला कळलं होतं."

"बोलली का नाहीस गं?"

"काय बोलू? मला ते असं ऐकायचं होतं, असानकुल अक्साकालांच्या तोंडून. म्हणून मी कुणाला काही कळू दिलं नाही. तालायलाही फोन केला नाही." तिने बोट पुढे धरलं. "त्या चौकटीला एकच बटण होतं एजे. दुसरं काहीच करता येत नव्हतं. माझे वडील गेले, आणि मी काय म्हणायचं, तर ओके. मी हाताने दाबलं ते. या बोटाने. तेव्हापासून कणीक मळतेय, पण हे बोट काही साफ वाटत नाही."

एजेंनी ते पीठ लागलेलं बोट आपल्या मुठीत घेतलं आणि तसंच धरून ठेवलं.

खाली बस उभी होती. माणसं चढत होती, बायका पराती आत देत होत्या. एर्मेक चिनारांच्या पलीकडे सिगरेट विझवून उभा होता, बसच्या जवळ यायचं टाळत.

"इकडे ये."

"एजे, चुकलंच माझं. मला वाटलं..."

"तुझ्या चौकटीला बटणं किती?"

"एक."

"त्याच्यावर काय लिहिलंय?"

त्याच्या चेहऱ्यावरून कळत होतं की आता त्याला दिसलंय.

"तिने दाबलं ते," एजे म्हणाल्या. आवाज चढवला नव्हता तरी तो दोन पावलं मागे सरला. "तुझ्याच वडिलांचं उदाहरण घेऊन मी तुला हे समजावू शकले असते. नाही घेणार. माझी जीभ म्हणजे तुझी तार नव्हे, की काहीही सोडावं. पण एक सांग. सगळ्या अंगणाला तू कळवलंस. तिला कळवलंस का?"

"तिलाही तर गेलं ते..."

"तिला कळवलंस का, एर्मेक?"

"नाही, एजे."

"मग जा. तोंडाने बोल. आणि उद्या चाळीस घरं चढायची, प्रत्येक घरातली ती सेवा बंद करायची. येतोय म्हणून आधी निरोप पाठवलास तर बघ!"

तो बसजवळ गेला. बुरुल खिडकीशी बसली होती. त्याने टोपी काढली, तोंड उघडलं, पण शब्द फुटेना. बुरुल थांबली. बसवाल्याने भोंगा वाजवायला हात नेला तसा एजेंनी त्याला डोळ्यांनीच दटावलं. शेवटी एर्मेक काहीतरी पुटपुटला, आणि बुरुलने मान हलवली.

बस गेल्यावर एजे घरी आल्या, तरी राग काही उतरला नव्हता. पडद्यावर राखाडी चौकट वाट बघत होती.

"एजे, नऊ चुकलं वाटतं. आता साडेचार तास आले. बरोबर?"

त्यांनी ओके दाबलं नाही. मशीनचं बटण दाबून सगळंच बंद केलं. मग खिडकी सताड उघडली आणि अंगणापलीकडच्या दुसऱ्या मजल्याकडे तोंड करून ओरडल्या, "मेरिम! साडेचार नाही! वही घे आणि वर ये, तुझ्या पायांनी!"