चौकातला बारावा चेहरा

मार्केटिंग शिकायला म्हणून मी उन्हाळाभर हिंगोलीतल्या एका एजन्सीत गेले आणि पहिल्या आठवड्यातच शिकले, की फ्लेक्सवर रिकामी जागा ठेवायची नसते. सुरज सर, म्हणजे एजन्सीचे मालक, हे वाक्य उठता-बसता म्हणायचे. कोपरा मोकळा दिसला की तारे टाक, फुलांचा हार टाक, काहीच नाही तर उगवता सूर्य टाक. एजन्सीचं म्हणाल तर नाव मोठं, लक्षण खोटं. पुढाऱ्यांच्या वाढदिवसांचे फ्लेक्स, साड्यांच्या दुकानांचे रील आणि क्लासेसच्या जाहिराती, एवढाच कारभार. डिझाईन करायला रत्नपाल, चहा सांगायला आणि शिकायला मी.

बीबीएच्या दुसऱ्या वर्षानंतर इंटर्नशिप करावीच लागते. आमच्या बंजारा तांड्यावर मी हे सगळ्यांना समजावून सांगितलं, तेव्हा मोतीबाई काकी म्हणाली, "म्हंजी फुकट राबायचं? मग तसं सांग ना दिपा, इंग्रजी काहून झाडून राहिली?"

काकीला शब्दांची भीड नाही. काका गेल्यापासून ती दरसाल ऊसतोडीला जाते आणि एकटीनंच तिनं लेकाला, प्रेमदास भियाला, वाढवलंय. आमच्यात भावाला भिया म्हणतात. भिया पोलीस भरतीची तयारी करत होता. कळमनुरीच्या एका अकॅडमीत त्याचं नाव होतं, आणि पहाटे तांड्याच्या रस्त्यावर तो पळायला लागला की कुत्रीसुद्धा सवयीनं भुंकत नसत. काकीनं सेवालाल महाराजांना नवस बोलला होता, पोरगा वर्दीत दिसला की भोग लावीन आणि कोयता कायमचा खाली ठेवीन. हा नवस सगळ्या तांड्याला पाठ होता, कारण काकीनं तो महाराजांना कमी आणि तांड्याला जास्त ऐकवला होता.

निकाल लागला तो मी एजन्सीच्या कॉम्प्युटरवर पाहिला. यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. भियाचं नाव नव्हतं. थोडक्यात गेलं होतं, पण गेलं होतं. मी त्याला फोन केला. तो म्हणाला, "याडीला सांगू नको. निकाल अजून यायचाय म्हण. मी नांदेडला हमालीचं काम धरतो थोडे दिवस, मग येऊन मीच सांगतो." आईला आम्ही याडी म्हणतो. तो शब्द उच्चारताना त्याचा आवाज फाटला, आणि मी कबूल झाले.

त्याच अकॅडमीची जाहिरात आमच्याकडे आली, यात मला काही विशेष वाटलं नाही. जिल्ह्यात एजन्सी आहेतच किती! त्यांचे अकरा विद्यार्थी लागले होते. त्या दिवशी सरांनी मला एका दागिन्यांच्या दुकानात रील काढायला पाठवलं होतं. परत आले तेव्हा फ्लेक्स छापून, कळमनुरीच्या चौकात चढूनही गेला होता. रत्नपालनं मला त्याचा फोटो दाखवला. "आमचे यशस्वी शिलेदार", खाली चेहऱ्यांच्या तीन ओळी, एकेका ओळीत चार. नावं नव्हती, नुसते चेहरे. शेवटच्या ओळीतला शेवटचा चेहरा प्रेमदास भियाचा होता.

"हा कुठून आला?" मी विचारलं.

रत्नपाल म्हणाला, "अकरा चेहरे होते गं. एक चौकोन रिकामा राहून राहिला होता. सर म्हणले, अकॅडमीनं पाठवलेल्या ग्रुप फोटोतून एखादं चांगलं दिसणारं पोरगं घे. ह्याची मान ताठ होती, म्हणून घेतला. काहून? ओळखीचा आहे का?"

मी सुरज सरांकडे गेले. ते मोबाईलवर त्या फ्लेक्सला किती लाईक आले ते पाहत होते. मी सांगितलं की तो माझा भाऊ आहे, तो लागलेला नाही, फ्लेक्स उतरवा. सर माझ्याकडे बघून हसले, तेही प्रेमानं. माणूस वाईट नाही, हीच तर तकलीफ आहे. वाईट असता तर भांडता आलं असतं.

"अगं दिपा, अकॅडमीचाच पोरगा आहे ना? खोटं काय त्यात? आज ना उद्या लागेलच. आणि आठ-दहा दिवसांत तिथं साहेबांच्या वाढदिवसाचा फ्लेक्स चढणारच आहे. कोण बघतंय बारावा चेहरा?"

मी म्हणाले, "सर, त्याची आई बघेल."

"मग खूशच होईल ना," सर म्हणाले आणि परत मोबाईलमध्ये घुसले.

भियाला फोन लावत लावत मी बस पकडली. त्याचा फोन बंद. कळमनुरीच्या चौकात बसमधून फ्लेक्स दिसला. आमच्या नशिबाचा आणखी एक नमुना बघा, तो बराबर पोलीस स्टेशनच्या समोर लावला होता.

तांड्यावर पोचले तर काकीच्या दारात माणसंच माणसं. बाजारातून आलेल्या कुणीतरी बातमी आणली होती, मग दोघं-तिघं मोटारसायकलवर जाऊन फोटो काढून घेऊन आले होते. भोग म्हणून विस्तवावर तूप आणि गोड शिजवलेलं वाहिलं जात होतं. धुराचा वास वाटेपर्यंत येत होता. तांड्याचे प्रमुख, आमचे नायक नेमसिंग, डोळे मिटून, हात जोडून महाराजांची अरदास, म्हणजे प्रार्थना, म्हणत होते. काकी नवी ओढणी घेऊन पुढं बसली होती आणि तिच्या गालांवरून पाणी वाहत होतं. मी काकीला रडताना काका गेले तेव्हाही पाहिलं नव्हतं.

अरदास संपेपर्यंत मी थांबले. मध्ये बोलायची माझी छाती झाली नाही. मग काकीला बाजूला ओढलं आणि म्हणाले, "काकी, तो फोटो चुकून लागलाय. आमच्याच ऑफिसात चूक झाली. भियाचं नाव यादीत न्हाई."

काकीनं माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी तिच्या ताटात माती टाकली. "चुकून? भोग लावला मी आत्ता. महाराजांनी घेतला. देवाला दिलेलं परत मागू काय?"

नायक जवळ आले. त्यांनीही ऐकलं होतं. ते रागावले नाहीत. समजूत घालावी तसे म्हणाले, "पोरी, यादी त्या मोबाईलातली. आज एक दिसते, उद्या दुसरी. पर चौकात सगळ्यांच्या नजरेसमोर, पोलीस ठाण्याच्या तोंडावर एवढा मोठा फोटो लावलाय. खोटा असता तर पोलिसांनीच न्हाई का फाडला?"

कुणीतरी मागून म्हणालं की सख्ख्या माणसाच्या पोटात दुखतं ते असं. काकीनं माझ्या हातातून आपला हात सोडवून घेतला. तिनं कोयता नायकाच्या सुनेला कधीच देऊन टाकला होता आणि मुकादमाला फोन करून सांगितलं होतं, यंदा माझ्या जागी दुसरं माणूस बघ. मी रडले. लांब उभ्या लोकांना वाटलं आनंदानं.

भिया दुसऱ्या दिवशी आला. त्याला कुणी काय सांगितलं होतं देव जाणे. तांड्याच्या तोंडाशी पोरांनी त्याला खांद्यावर घेतलं, गुलाल टाकला, डफडं वाजायला लागलं. त्या गर्दीत त्याची नजर मला शोधत होती. मी मान हलवली, सांग म्हणून. मला अगदी खरंच वाटलं होतं की तो सांगेल. त्यानं तोंड उघडलं. तेवढ्यात काकी आली, तिनं दोन्ही हातांनी त्याचं तोंड धरलं आणि म्हणाली, "माझे हात बघ. आता ह्यांना सुट्टी." त्या हातांवर ऊसाच्या पात्यांचे कापल्याचे वण होते. भिया त्या हातांकडे बघत राहिला आणि त्याचं तोंड मिटलं ते मिटलंच.

मला त्याचा राग आला. आजही येतो. पण त्याच्या जागी मी असते तर काय केलं असतं, हे मला सांगता येत नाही.

काही दिवसांनी तो ट्रेनिंगला निघाला. ट्रेनिंग कसलं, पुण्यात एका कंपनीच्या गेटवर वॉचमन. हे त्याला आणि मलाच माहीत. काकीला बस लागते म्हणून तिला तांड्यावरच ओवाळू दिलं आणि कळमनुरीच्या स्टँडपर्यंत सोडायला मी गेले. चौकात आता साहेबांचा वाढदिवस होता.

बस यायच्या आधी भिया म्हणाला, "याडी वर्दीतला फोटो मागून राहिली."

मी बस येते का ते बघायला लागले.

"वॉचमनच्या ड्रेसवर कंपनीचं नाव हाय. ते कसं पाठवू? तुला तिथं शिकवलं असंल ना, एकाच्या धडावर दुसऱ्याचं तोंड बसवायला?"

"पुढच्या वेळी परत परीक्षा दे भिया. पळणं सोडू नको," मी म्हणाले.

"देईन. पर फोटो आत्ता पाहिजे."

इंटर्नशिपच्या शेवटच्या दिवशी सगळे जेवायला गेले तेव्हा मी रत्नपालच्या खुर्चीत बसले. वर्दी एका जुन्या जाहिरातीतून घेतली, चेहरा त्याच ग्रुप फोटोतून. मान ताठ होती, त्यामुळे कॉलरवर सहज बसली. सुरज सर लवकर परतले आणि मागं येऊन उभे राहिले. त्यांना काहीही ओळखू आलं नाही. "वा! एकदम सफाईदार," ते म्हणाले, आणि माझ्या सर्टिफिकेटवर त्यांनी "उत्कृष्ट" असा शेरा मारला.

काकी आता माझ्याशी पुन्हा बोलते. भियाकडून फोटो आला त्या संध्याकाळी मोबाईल घेऊन ती आमच्या अंगणात आली. तिनं तो डोळ्यांजवळ धरला, मग लांब धरला, पदरानं पुसला.

"दिपा, वर्दी झ्याक दिसते," ती म्हणाली. "पर लेकराच्या तोंडावर आनंद न्हाई गं. काहून असंल?"

"ट्रेनिंग लई कडक असते काकी," मी म्हणाले.